पऱ्हाटीचा कोळसा

फुस्स, एवढाच आवाज. स्वयंपाकघरातून आला आणि घर पुन्हा पहिल्यासारखं गप्प झालं. रविवार होता, दूधवाला अजून यायचा होता, माझा नवरा सुगत आतल्या खोलीत पालथा झोपलेला, आणि मी जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा पुसून त्यावर प्रबंधाचं शेवटचं, अर्धवट प्रकरण उघडून बसले होते. लेकरू उठायच्या आधीचा हा तास माझा; कुणी दिलेला नाही, मीच रोज गुपचूप उचलते. या तासातले घरातले सगळे आवाज मला पाठ आहेत. कोणत्या डब्याचं झाकण, कोणत्या नळाची शेवटची गुळणी, आईंच्या बांगड्या ओट्याला कुठे लागतात. आई म्हणजे माझ्या सासूबाई, दुर्गाबाई. त्या माझ्याही आधी उठतात. हा आवाज त्यांतला नव्हता, आणि तो ओळखू शकेल असं त्या घरात एकच माणूस होतं. सोड्याची बाटली उघडली की वायू बाहेर येतो, तो आवाज भरलेला असतो, फाजील असतो. निर्वात बाटलीचं बूच निघालं की हवा आत शिरते. तो आवाज लहान, दचकून घेतलेल्या श्वासासारखा. अमरावतीच्या प्रयोगशाळेत मी तो इतक्या वेळा ऐकलाय की झोपेतही कळावा. माझी बाटली उघडली होती. उद्या पुण्याला न्यायची होती ती.

मी उठले नाही. उठायला हवं होतं, धावायला हवं होतं, एरवी माझ्या लेकीनं, खुशीनं, नुसता हात लावला असता तरी मी ओरडले असते. पण बोटं कळांवर तशीच राहिली आणि पडद्यावरची ती बारीक रेघ लुकलुकत राहिली, लिही, लिही म्हणत. पंख्याखाली मार्चची हवा जुन्या चादरीसारखी अंगावर पडली होती. मनात आलं, मी जागची हलले नाही तर कदाचित काही झालेलंच नसेल. लहानपणी आजारी माणसाच्या खोलीत जायचं टाळायचे, तसं. आणि या टाळण्याच्या खाली, अगदी तळाशी, आणखी काहीतरी हललं, त्याच्याकडे मला बघायचं नव्हतं.

बाटलीत काय होतं, तर काळी पूड, पाचसहा चमचे. कापूस वेचून झाला की शेतात उरते ती पऱ्हाटी, तिचा कोळसा. माझं माहेर भातकुलीच्या बाजूचं; तिथं पऱ्हाट्यांचे भारे घराच्या मागच्या भिंतीला वर्षभर टेकलेले असत, आणि माझी आई चुलीत एकेक सारत जायची. पऱ्हाटी तडतडत जळते, लवकर पेटते, लवकर संपते. तिच्यापुढे बसून आईचं सगळं तारुण्य गेलं असं मला पुढे वाटायचं, पण तेव्हा फक्त तिच्या कपाळावरचा घाम दिसायचा आणि तिच्या लुगड्याला येणारा तो करपट, गोडसर वास. आता गावात सिलिंडर आलेत, आणि पऱ्हाट्या शेतातच पेटवून देतात, बोंडअळीची घाण जावी म्हणून. संध्याकाळच्या गाडीतून बडनेऱ्याहून अकोल्याला परतताना रुळांच्या दोन्ही अंगांना त्या जाळाच्या रांगा दिसतात. अशाच एका जाळाकडे बघताना मला हा विषय सुचला, असं मी मुलाखतीत सांगितलं होतं. खरं म्हणजे तो माझ्या मार्गदर्शक सरांनी दिला. पण सांगता सांगता माझं मलाही तेच खरं वाटायला लागलं आहे.

पऱ्हाटीचे तुकडे करायचे, हवा लागू न देता भट्टीत भाजायचे, मग पोटॅशसोबत पुन्हा लालभडक तापवायचे. पोटॅश कोळशाला आतून कुरतडतो. त्याला इतकी बारीक छिद्रं पडतात की डोळ्याला ती कधीच दिसायची नाहीत, पण त्या छिद्रांच्या सगळ्या भिंती उलगडून जमिनीवर अंथरल्या तर चमचाभर पुडीत दीड-दोन एकर रान निघतं. त्या रानात वायू येऊन बसतो. नैसर्गिक वायू, गाड्यांत भरतात तो. आज तो गाडीत भरायचा तर प्रचंड दाबानं कोंबावा लागतो, म्हणून त्या टाक्या इतक्या जाड आणि जड. विद्यापीठाला जाताना मी ज्या ऑटोत बसते त्याचा चालक रोज तेच गाऱ्हाणं सांगतो, "म्याडम, अर्धा दिवस ग्यासच्या लाइनीत जाते, आन् मांगची सारी जागा ते टाकीच खाते." टाकीत आधी असा कोळसा भरून ठेवला तर वायू आपण होऊन त्याच्या भिंतींना येऊन टेकतो, आणि बऱ्याच कमी दाबात पुष्कळसा मावतो. कोंबायचं नाही, जागा करून द्यायची. पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात. खुशीनं विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, बसमध्ये आपण एकमेकांना मांडीवर घेतो ना, तसं.

आता तो वायू प्रत्यक्षात किती येतो, किती टेकतो, हे मोजणारं दाबाचं यंत्र आमच्या विभागात नाही. ते पुण्याच्या एका संस्थेत आहे, आणि तिथला नंबर लागायला मी गेल्या पावसाळ्यापासून थांबले होते. तो परवापासून लागला होता. तीन आठवडे तिथं राहायचं, मोजायचं, आणि ते आकडे या शेवटच्या प्रकरणात घातले की संपलं. विद्यापीठानं दिलेली वाढीव मुदतही त्याच सुमाराला संपते. हा नंबर गेला तर प्रबंध राहिला. राहिला म्हणजे कायमचाच राहिला. एवढं थकल्यावर पुन्हा पहिल्यापासून कोण सुरू करतं?

आणि बाटलीचं म्हणाल, तर तिला रबरी बूच लावून वर मेण ओतायची गरजच नव्हती. पुण्याचे लोक मोजण्याआधी पूड पुन्हा तापवणारच, आतली हवा ओढून घेणारच. ती रीतच आहे, मोजायचं तर आधी रिकामं करावं लागतं. हा कोळसा काहीच घट्ट धरत नाही. वायू असो, हवेतली वाफ असो, फोडणीचा धूर असो, सगळं नुसतं येऊन टेकतं, आणि तापवलं की उठून जातं. निर्वात करून बूच लावणं ही माझी हौस होती, लेकराला प्रवासाला निघताना स्वेटर घालावा तसली, उन्हाळा असला तरी. तेव्हा बूच निघालं म्हणून काहीएक बिघडलं नव्हतं. हे मला तो आवाज ऐकला त्याच क्षणी ठाऊक होतं. आणि तरी पुढे संध्याकाळपर्यंत मी ते कुणालाच सांगितलं नाही.

"अवं माधवी, पाय वं, पाय तुही पोरगी!" आई दारात उभ्या होत्या. हसत होत्या. त्यांचे दात काळे कुळकुळीत, ओठांच्या कडांना काळी ओल, आणि त्यांच्या पदराला धरून माझी खुशी, पाच वर्षांची, तीही तोंडभर काळी. तिनं आ केला आणि जीभ बाहेर काढली. "मम्मी, मी भूत!" तिची ती काळी जीभ, तिच्या मागे तो छोटासा गुलाबी गळा. माझ्या मनात पहिल्यांदा आलं, किती उरली असेल? दुसऱ्यांदा आलं, पोटॅश नीट धुतला होता ना मी? या दोन विचारांमध्ये जे अंतर होतं ते अगदीच थोडं, पण मला ते दिसलं. त्या अंतरात मी आई नव्हते. धुतला होता. पाणी नुसतं पाण्यासारखं होईपर्यंत, आठवडाभर धुतला होता.

"ह्या सुगतनं कोनती राखुंडी आनली बाप्पा," आई म्हणाल्या. "मीठ नाई, कापूर नाई, चव म्हनून काईच नाई. पर दात पाय कसे चकचक होते! आन् झाकन? सांडशीनं उपसलं तवा निघालं. कंपनीचा माल हाय म्हनलं, पॅकबंद." आईंना पेस्ट चालत नाही, फेसानं उमळतं म्हणतात. त्यांची राखुंडी दोन दिवसांपूर्वी संपली होती, सुगत आणतो म्हणाला होता. आणि मी, पिशवीत खुशीचे हात जातात म्हणून, ती बाटली स्वयंपाकघराच्या उंच फळीवर ठेवली होती. नेमकी त्यांच्या राखुंडीच्या जागी.

"आई," मी म्हणाले, "ते... माझं आहे. पुण्याचं."

बस्स, एवढंच बोलले. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं, आणि दात झाकायला त्यांचा हात वर आला, तो तसाच तोंडावर राहिला.

सुगत उठून आला, त्यानं काय झालं ते ऐकलं, बाटली उजेडात धरून हलवली. त्याला वातावरण हलकं करायची सवय आहे; तेल्हाऱ्याच्या कचेरीत दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून ती लागली असेल. "माय," तो म्हणाला, "चमच्यात दीड एकर असते म्हने हे सांगते. आपल्या सात पिढ्यात कोनाजवळ दीड एकर नव्हतं, आन् तू ते चूळ भरून थुकून टाकलं!" एरवी आई यावर त्याला सोडत्या ना. आज नुसत्या म्हणाल्या, "नको बोलू राजा," आणि मोरीकडे गेल्या. मग त्यानं मला विचारलं, हळू आवाजात, "बिघडलं का पूर्ण?" मी म्हटलं, "हवा लागली." त्याला वाटलं ते हो होतं. "मंग उद्याचं?" मी खांदे उडवले. तो माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे. चहा टाकतो." हेच ते. कुणीच रागावलं नाही. या घरात माझ्यावर कधी कुणी रागावलंच नाही.

या न रागावण्याबद्दल कुणाशी बोलता येत नाही. माझ्याबरोबरीच्या मैत्रिणी सांगतात, सासू गाडी चुकेल असं काम काढते, नवरा पुस्तकं बघून तोंड वाकडं करतो. त्या रडतात, आणि रडून पुन्हा कामाला लागतात, जिद्दीनं. माझ्या आड कुणीच आलं नाही. आई जिनिंगच्या कारखान्यात कापसाची फुकी, उडून बसलेली धूळ-तूस, झाडत उभ्या राहिल्या आणि त्यावर त्यांनी सुगतला शिकवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा "आमची सून एम्मेस्सी हाय" हे त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं, आणि आता गेली काही वर्षं ज्याला त्याला सांगतात की सून डाक्टर होऊन राहिली, कोणी पाय दुखतो म्हणून दाखवायला आलं तर त्याला समजावतात, "तशी नाई, मोठी डाक्टर, पुस्तकाची." खुशी तीन महिन्यांची असताना त्यांनीच तिला माझ्या हातांतून घेतलं. "जाय तू. आमी हाओत." आमी हाओत. हा शब्द सकाळच्या गाडीत माझ्या मानेवर बसून बडनेऱ्यापर्यंत यायचा. मी डोळे मिटून खिडकीला डोकं टेकवायचे, आणि मूर्तिजापूर केव्हा गेलं कळायचं नाही. इतक्या जणांनी वाट मोकळी करून दिली की चालायला नको वाटतं, हे कुणाला सांगणार? थकले, असं म्हणायलासुद्धा समोर कोणीतरी आडवं उभं असावं लागतं.

खुशी तीन महिन्यांची असतानाचं एक आठवतं. भट्टीचा पारा चढत होता, मिनिटाला पाच अंश, त्याला घाई चालत नाही, आणि मी स्टुलावर बसून बघत होते. अकोल्यात त्या वेळी खुशीला भूक लागली असावी, कारण एकाएकी छाती दगडासारखी झाली आणि दूध आपण होऊन वाहायला लागलं, ब्लाउज, पांढरा कोट, सगळं ओलं. मी बाथरूममध्ये जाऊन बेसिनवर वाकून ते पिळून टाकलं. नळ सोडला नाही. का कोण जाणे, ते पांढरं पाण्यानं लगेच वाहून जावं असं वाटेना. पोर्सेलिनवरून ते सावकाश सरकत गेलं. बाहेर कुणीतरी दार वाजवलं, "मॅडम, तुमची भट्टी वाजते आहे." मी कोटाची बटणं लावली आणि गेले. ती भट्टी चांगली निघाली. पहिली चांगली पूड ती. सर म्हणाले, "वा."

आणि आणखी एक गोष्ट या कोळशाची. वायू येऊन बसतो तेव्हा कोळसा तापतो. घाईघाईनं भरलं तर फारच तापतो, आणि तापला की कमी धरतो. सावकाश भरावं लागतं. मी संध्याकाळी घरी येते तेव्हा खुशी दिवसभराचं सगळं एकदम सांगायला लागते, शाळा, शेजारचं मांजर, कोणी कोणाची पाटी फोडली, आजीनं काय शिवी दिली. माझ्या अंगावर चढते, गळ्यात हात टाकते, आणि मी तापते. "हळू सांग गं, एकेक सांग." ती थांबते. मग विचारते, "किती हळू?" असल्या उपमा प्रबंधात चालत नाहीत. सर लाल शाईनं रेघ मारतात.

सकाळी तोंड धुवून झाल्यावर ती माझ्याजवळ आली होती. दातांच्या फटींत अजून काळं होतं. "मम्मी, बाबा म्हनते तुहा कोळसा बिघडला. मंग उद्या तू नाई जात?" घरात आजीची भाषा, शाळेत बाईंची, दोन्ही तिला येतात, मला विचारताना ती बहुतेक आजीचीच वापरते. मी तिचे केस मागे सारले. मी "नाही" म्हणाले नाही. मी "हो" म्हणाले नाही. मी म्हटलं, "ये, वेणी घालते." तिला तेवढं पुरलं. ती वेणी घालेपर्यंत एका पायावर उभी राहिली, मग दुसऱ्या. मग अर्धी वेणी तशीच टाकून बाहेर पळाली आणि शेजारच्या वर्षालीच्या दारातून तिचा आवाज ऐकू आला, "आमची मम्मी नाई चालली पुन्याले! आजीनं राखुंडी लावली!" वर्षाली हसली. तिनं विचारलं असणार, म्हणजे काय? खुशीनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. किती आनंदानं, किती सावकाश.

मग त्या दिवसाला लांबी आली. मला वाटतं, इतका मोकळा रविवार कित्येक महिन्यांत उगवला नव्हता. मी भरलेली पिशवी उघडून दोन साड्या परत कपाटात ठेवल्या. खुशीसोबत जमिनीवर लोळले. तिनं माझ्या पोटावर डोकं ठेवलं आणि आतले आवाज ऐकले. तिच्या डोक्याचा वास, घाम आणि खोबरेल आणि कुठेतरी तळाशी अजूनही ते बाळपणाचं, मी नाकानं ओढून घेतला, आणि घेताना मला झोप आली. जड, काळी, आठवड्यांची साठलेली झोप. सकाळी तळाशी जे हललं होतं, ज्याच्याकडे बघायचं नव्हतं, ते आता समोर येऊन बसलं होतं आणि त्याचं नाव सुटका असं होतं. मी काही सोडलं नव्हतं. काढून घेतलं गेलं होतं. म्हातारं माणूस, चूक झाली, कोण काय करणार? सरांना फोन करायचा, एवढंच. सरसुद्धा हळहळतील. माझं कुठेच काही चुकलेलं नसेल आणि मी घरी असेन. डोळे मिटता मिटता मला हे इतकं सोपं वाटलं की मी खुशीचा हात उचलून माझ्या डोळ्यांवर ठेवला.

जेवायला आई आल्या नाहीत. सुगत बोलवून आला, म्हणाला, "भूक नाई म्हनते." मी गेले. त्या मागच्या अंगणात पाठमोऱ्या बसल्या होत्या. "आई, दोन घास खा." "खातो मी मंग," त्या म्हणाल्या, आमच्याकडे म्हाताऱ्या बाया आपल्याबद्दल असंच बोलतात. "तुमी खाऊन घ्या." वळल्या नाहीत. बोलायचं होतं ते एका वाक्याचं होतं. मग खुशीनं हाक मारली आणि मी आत आले. वरण वाढलं, खुशीला भात कालवून दिला.

चार वाजले असतील, ऊन भिंतीवर चढलं होतं. दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला मी अंगणात गेले. पातेली धुवून पालथी घालावी तशी मोरीच्या कडेला बादली पालथी होती, आणि तिच्या बुडावर स्टीलचं ताट, ताटात त्यांच्या जुन्या पातळाचा पांढरा फडका ताणून पसरलेला, चारी कोपऱ्यांवर खडे. फडक्यावर काळ्या गाळाचे दोनचार ठिपके होते. एक मोठा, हाताच्या अंगठ्याएवढा, बाकी बारीक. आई बाजूला बसून वारा येईल तिकडून हाताचा आडोसा करत होत्या.

"हे काय आहे?"

"सकाळचं पानी मी वतलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मोरीले बोळा कोंबून ठेवला. बादलीत घेतलं, फडक्यातून गाळलं. मंग सुदं पानी टाकून अखीन तीनदा गाळलं, थुका नको म्हनून. पोरीले बी चूळ भरवली त्यातच." त्यांनी बोटानं त्या मोठ्या ठिपक्याच्या कडा हळूच आत सारल्या. "लय नाई निघालं. वाळलं की भरून घे बाटलीत. ते तुमचं यंत्र ओळखीन का वं, का हे तोंडातलं हाय म्हनून?"

दिवसभर त्या इथेच होत्या. आम्ही आत लोळत होतो, हसत होतो, आणि त्या इथे उन्हात हाताचा आडोसा धरून. त्यांचे दात अजून काळेच होते. घासले नव्हते, न जाणो त्यातूनही काही निघेल. मी त्यांच्याजवळ, फरशीवर बसले.

"आई, काही बिघडलं नाही."

"तू चांगली हायस म्हनून म्हनतं."

"नाही, खरंच. त्याला हवा लागली, ओल लागली, तरी तापवलं की सगळं निघून जातं. पुण्याला ते तसंही तापवणारच होते. आणि बाटलीत आहे तेवढी पूड पुरते. तुम्ही चिमूटभर घेतलीत. काहीच बिघडलं नाही."

त्यांचा हात थांबला. त्या माझ्याकडे बघायला लागल्या, आणि आधी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं तो आनंद होता, नुसता आनंद; मग तो कुठेतरी अडला. मी वाट बघत होते, त्या विचारतील, कधी कळलं तुला? त्यांनी ते विचारलं नाही. जिनिंगच्या धुळीत डोळे बारीक करायची त्यांची जुनी सवय, तसे डोळे बारीक करून त्यांनी माझा चेहरा न्याहाळला.

"जावं नाई वाटून राह्यलं तुले?" त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी रडेन. पण रडायलाही काही ताकद लागते. मी म्हटलं, "थकली मी, आई." खूप वर्षांनी माहेरच्यासारखं बोलले.

"थकशीनच. बाईमानूस थकते." त्यांनी ताटावरचा एक खडा उचलून पुन्हा नीट ठेवला. "नाई वाटत तर नको जाऊ. कोनी तुले ढकलून नाई राह्यलं. मी बी डाक्टर डाक्टर करतो, ते जाऊ दे, म्हातारीले काय, बोलाले काईतरी लागते. पर नाई जाची तर तू तुह्या तोंडानं सांग, का मी नाई जात. माह्या दातावर नको ठेवू ते, बाई." त्यांनी फडक्याची सुरकुती ताणली. "मी मेली तरी पोट्टी म्हनन, आजीनं राखुंडी लावली म्हनून मायचं शिक्षन राह्यलं. हे नको करू."

आवाज चढला नव्हता. रागावल्याही नव्हत्या, आताही नाही. एखाद्या बाईनं दुसरीच्या डोक्यावरचा भारा सरळ करून द्यावा तसं त्यांनी ते माझ्या डोक्यावर परत ठेवलं, जिथं होतं तिथं. दूर अकोट रस्त्यावर कुणाची तरी गाडी पुन्हा पुन्हा भोंगा वाजवत होती. मी बसल्या जागी स्वतःला विचारून पाहिलं, नाही जात, असं म्हणता येईल का तुला, तुझ्या तोंडानं? मी ते वाक्य जिभेवर ठेवून पाहिलं. त्याला चव नव्हती. आणि मला कळलं की मला जायचं आहे. थकून, रडकुंडीला येऊन, पाय ओढत, पण जायचं आहे; त्या दीड एकरात किती मावतं ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे. सुटकेपेक्षा हे वाईट होतं. सुटकेत निदान झोप तरी होती.

"जाते मी," मी म्हणाले. "उद्याच जाते. गाडी आहे."

"मंग ऊठ. पोळ्या करतो मी संगं न्याले." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, ताट मात्र उचललं नाही, सावली आली होती तिथून सरकवून पुन्हा उन्हात ठेवलं. मग चूळ भरायला नळाशी गेल्या, आणि आता त्यांनी ती काळी चूळ मोरीत खुशाल थुकली.

मी वळले तर दारात खुशी होती. अर्धी वेणी तशीच, हातात कंगवा. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिचा चेहरा रडका नव्हता. हिशेब चुकला की ती अशी दिसते, बोटांवर मोजत पुन्हा पहिल्यापासून सुरू करताना. मी हात पुढे केले. "ये, वेणी राहिली ना?" ती आली नाही.

"कोळसा नाई बिघडला?"

"नाही बाळा."

"म्हंजे तू चालली."

"थोडे दिवस. लगेच येते."

तिनं आजीकडे पाहिलं, उन्हातल्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कंगव्याचे दात ती अंगठ्यानं एकेक करून वाजवत होती.

"मंग काय बिघडलं म्हंजे तू नाई जाशीन, मम्मी?"